बागेत राउंड कशाला, ओढ्याकाठी चला

प्रश्न : मी सहकारनगरला राहते. रोज सकाळी बागेत राउंड मारते पण आता जाम कंटाळा आलाय. मुलगी सातवीत आहे, तिला सोबत घेऊन चालता चालता शहरातला निसर्ग समजून घेता येईल का? झाडांची नावं दोघींनाही येत नाहीत, आधी कोर्स करावा लागेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कोर्सबिर्स काही नको हो! नावं हळूहळू येतात, अडलंच तर फोटोवरून झाडं-पक्षी ओळखायला मदत करणारं आयनॅचरलिस्ट अॅप मोबाइलवर आहे. तुमच्या जवळून आंबिल ओढा जातो ना, तोच धरा. कात्रजकडून येतो, पद्मावतीवरून पर्वतीच्या पायथ्याने दांडेकर पुलाकडे आणि मग मुठेत. पेशव्यांनी त्याची वाट वळवून पर्वतीखाली तळं केलं होतं, आज तिथे सारसबाग आहे, म्हणजे तिथल्या देवळातला ‘तळ्यातला गणपती’ खरंच तळ्यात होता हे मुलीला तिथेच उभं राहून सांगा.

सगळा ओढा एका दिवसात नको, एकेक तुकडा घ्या. मुलीच्या हातात कोरा कागद द्या आणि नकाशा तिलाच काढू दे, पाणी कुठे दिसतं, कुठे स्लॅबखाली गायब होतं, मातीचा काठ संपून काँक्रीटची भिंत कुठे लागते, आणि हो, वास कुठून सुरू होतो तेही लिहायचं, नाक हे फार चांगलं यंत्र आहे. जलपर्णी माजलेली दिसली की समजा सांडपाणी येतंय, त्यातला नायट्रोजन-फॉस्फरस तिला खतासारखा लागू पडतो. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या पक्षी घाण पाण्यातही मजेत चरतो, त्यामुळे पक्षी दिसले म्हणजे पाणी स्वच्छ असं काही नसतं (व्हॉट्सअॅपवर काहीही फिरतं). भिंतीच्या फटीत पिंपळ किंवा उंबर उगवलेला असेल तर तो कुणी लावला असेल असं तिला विचारा, उत्तर पक्ष्याच्या नाहीतर वटवाघळाच्या विष्ठेत आहे.

तोच तुकडा मे महिन्यात आणि परत पावसाळ्यात बघा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री या ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, माणसं गेली. पात्र कुठे अरुंद झालंय आणि आजूबाजूला पाणी मुरायला उघडी जमीन किती उरलीय हे चालताना डोळ्यांनी दिसतं, त्यासाठी रिपोर्ट वाचावा लागत नाही. फक्त पाऊस चालू असताना काठावर अजिबात जाऊ नका, आणि बूट जुनेच घाला.