कमी बजेटमध्ये घरीच कोल्ड एअर इनटेक (इंजिनला बाहेरची थंड हवा देणारी जोडणी) बनवायचा आहे. कोन फिल्टर आणि पीव्हीसी पाइप पुरेल का? पिकअप किती वाढेल?

पाइप चालेल, कोन फिल्टर नको. बॉनेटखाली उघडा बसवलेला कोन, म्हणजे डब्याशिवायचा शंकूसारखा एअर फिल्टर, गरम हवाच ओढतो. हे मी आमच्या साडूंना कित्येक वर्षं सांगतोय.

त्यांनी त्यांच्या पेट्रोल वॅगन आरला कार डेकोरच्या दुकानातून चकचकीत कोन बसवून घेतला आणि कंपनीचा एअर फिल्टरचा काळा डबा माळ्यावर टाकला. रेस दिली की घुर्र आवाज येतो, त्यालाच ते पॉवर समजतात. मे महिन्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना मी शेजारी बसलो होतो, ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटला, ब्लूटूथ स्कॅनर लावून. साखरप्यापर्यंत सगळं ठीक. आंबा घाट लागला, पुढे भरलेला ट्रक, दुसरा गिअर, एसी चालू. इनटेक टेंपरेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, चढत चढत ६५ अंशांवर गेलं. बाहेर ३५. ३५ अंशांच्या हवेपेक्षा ६५ अंशांची हवा साधारण ९ टक्के विरळ असते, म्हणजे ऑक्सिजनही तेवढा कमी. त्यात हवा तापली की इंजिन नॉक करू नये (पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडू नयेत) म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. गाडी मरगळते ती यामुळे. आंब्यात चहाला थांबल्यावर मी बॉनेट उघडून दाखवलं: रेडिएटरच्या पंख्यामागे वीतभर अंतरावर कोन, आणि त्याच्या क्रोमच्या टोपीला बोट लावता येत नव्हतं. "पाव्हणं, स्कॅनर चायनाचा आहे," एवढंच बोलून ते चहा प्यायला गेले.

माझीही तीच गाडी. मी कंपनीचा डबा आणि कागदी फिल्टर ठेवला, फक्त सोंड, म्हणजे डब्यात हवा आणणारी नळी, बदलली. डब्याच्या तोंडापासून ग्रिलमागच्या मोकळ्या जागेपर्यंत रिंगांचा लवचिक पाइप नेला, दोन्ही टोकांना क्लिपा मारल्या. डबा आणि इंजिन यांच्यामध्ये बोर्ड बनवणाऱ्याकडच्या एसीपी शीटच्या (ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पत्र्याच्या) तुकड्याचा पडदा उभा केला आणि त्याच्या कडेला दाराचं रबर बिडिंग लावलं. हजाराच्या आत काम झालं. त्याच घाटात, उन्हाळ्यातच, गाडी चालती असताना आकडा बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंशच वर राहतो. उभी राहिली की चढतो, निघाली की लगेच उतरतो. हेही साडूंना दाखवलंय.

पीव्हीसीच घ्यायचा असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपासून) लांब ठेवा, ७५-८० अंशांना तो मऊ पडतो. मूळ सोंडेपेक्षा बारीक पाइप नको, काटकोनी एल्बोही टाळा. गाडीला एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर फिल्टर ते थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) हा भाग अजिबात बदलू नका. तिथला व्यास बदलला की हवेचं माप चुकतं. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचं तेलही त्या सेन्सरच्या तारेवर बसतं.

पिकअपचं म्हणाल तर फार आशा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच सोंड पुढे काढलेली असते. फरक कळेल तो उन्हाळ्यात, घाटात, पेडल पूर्ण दाबल्यावर. टर्बो गाडीत बहुतेक वेळा इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा रेडिएटर) असतो, तिथे हा खटाटोप नकोच.

आणि पाइपचं तोंड बंपरखाली नेऊ नका. पाण्यात तोंड बुडालं की इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तसल्या पाण्यात एकदा स्टार्टर मारला तरी इंजिन जातं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी अटी वाचा.

काम झाल्यावर महिनाभराने फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या पाइपात पांढरं फडकं फिरवून बघा. धूळ निघाली तर कुठलातरी सांधा हवा खातोय, तो आधी बंद करा. साडूंच्या कोनामागे फडकं काळं निघालं होतं.