लॅबमध्ये नॅनोपावडर वजन करतो, हवेचं रीडिंग चांगलं आलंय, तरी टेबल-दरवाजे तपासायची गरज आहे का, आणि तिथे किती सापडलं म्हणजे धोका?

आहे. मी काही वर्षं अशाच एका लॅबमध्ये सेफ्टीचं काम बघितलंय, त्यावरून सांगतो.

आधी ते चांगलं रीडिंग कुठल्या मीटरचं ते बघा. धूळ वजनात मोजणारं मीटर असेल तर नॅनोकणांना वजनच इतकं कमी की ते त्यात उठूनच दिसत नाहीत, आणि प्रकाशावर चालणारे बरेचसे काउंटर साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचं बघतच नाहीत, म्हणजे तुमचा १ ते १०० नॅनोमीटरचा सुटा माल त्यातून सटकलाच. कंडेन्सेशन काउंटर (कणांवर वाफ जमवून ते मोठे करून मोजणारा) असेल तर तो मोजतो पण ओळखत नाही, साध्या खोलीतही दर घनसेंटिमीटरला हजारो कण असतात, त्यात तुमचे कुठले?

आणि मीटर एकदम भारी असलं तरी पावडर चमच्यावरून ग्लोव्हवर, ग्लोव्हवरून बॅलन्सच्या (वजनकाट्याच्या) काचेवर, तिथून वहीवर, माउसवर फिरते ते हवेच्या मीटरला कळणारच नाही. २००४ च्या एका अभ्यासात कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) हाताळणाऱ्यांच्या ग्लोव्ह्जवर एका हाताला ०.२ ते ६ मिलिग्रॅम इतका माल निघाला होता. अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने नॅनोट्यूबसाठी सुचवलेली हवेतली मर्यादा आहे घनमीटरला १ मायक्रोग्रॅम. दोन्हीची थेट तुलना होत नाही, ग्लोव्हवरचं सगळं काही नाकात जात नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

आता वाइप सॅम्पल, म्हणजे पृष्ठभाग पुसून तो वाइप तपासायला पाठवणं. १० बाय १० सेंटिमीटरचं टेम्प्लेट (पुसायची जागा ठरवणारी चौकट), ओला वाइप, आधी आडवा मग उभा, दर वेळी साधारण तेवढाच दाब. हँडल, माउस अशा गोष्टींना टेम्प्लेट बसत नाही, तिथे अख्खी वस्तू पुसा आणि तसं लिहून ठेवा. एक न वापरलेला वाइपही सोबत पाठवा. आणि जिथे पावडर कधी गेलीच नाही अशा खोलीतलं सॅम्पल आधी घ्या, हे मी ओरडून सांगतोय कारण आम्ही ते केलं नव्हतं. आमच्याकडे टायटॅनियम डायऑक्साइड होतं, पहिल्या फेरीत सगळीकडे टायटॅनियम, अगदी बाहेरच्या पॅसेजमध्येसुद्धा, दोन दिवस सगळे हादरलेले, मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की भिंतीच्या पांढऱ्या रंगातही तेच असतं! वर आयसीपी-एमएसला (कुठलं मूलद्रव्य किती ते मोजणारं यंत्र) वाइप विरघळवून देतात, त्यामुळे टायटॅनियम किती ते कळतं, पण तो नॅनो होता का ते नाही. त्यासाठी चिकटपट्टीने उचलून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. नॅनोट्यूबचं तर आणखी अवघड, नुसता कार्बन शोधलात तर काजळी आणि प्रिंटरचा टोनरही त्यात येतो, म्हणून बनवताना वापरलेल्या कॅटॅलिस्टचा (उत्प्रेरकाचा) धातू, कोबाल्ट किंवा निकेल वगैरे, शोधणं जास्त उपयोगी.

किती आलं म्हणजे धोका, असं विचारलंय तुम्ही. पृष्ठभागावरच्या नॅनोकणांसाठी हवेसारखी सर्वमान्य मर्यादाच नाहीये, त्यामुळे आकड्यापेक्षा जागा बघा. बॅलन्सजवळ सापडणारच, त्यात विशेष काही नाही. ग्लोव्ह्ज काढता ती जागा, दाराचं हँडल, कीबोर्ड, खायला बसता ते टेबल, इथे सापडलं तर मात्र माल बाहेर चाललाय. आमच्याकडे लॉगबुकला दोरीने बांधलेलं पेन निघालं, ग्लोव्ह घातलेले आणि न घातलेले सगळे तेच वापरायचे.

पडलेल्या मालाचा खरा त्रास तो परत उडाला की होतो, आणि हाताने तोंडात गेला की. धडधाकट त्वचेतून सहसा फारसं आत जात नाही, जखम असेल तर वेगळं. म्हणून कोरडा झाडू नको, कॉम्प्रेस्ड एअर तर अजिबातच नको, ओल्या कपड्याने पुसा किंवा हेपा फिल्टरवाला (अगदी बारीक कण अडवणारा) व्हॅक्यूम घ्या. द्रवातला माल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सांडून वाळला की परत पावडरच, आणि सोनिकेटर (ध्वनिलहरींनी द्रव ढवळणारं यंत्र) उघडा चालवला तर बारीक तुषार उडतात ते वेगळंच.

पुसायच्या आधी आणि नंतर अशी दोन सॅम्पल घ्या, साफसफाई जमतेय का तेही कळेल. आणि पाठवण्याआधी टेस्टिंगवाल्यांना डिटेक्शन लिमिट, म्हणजे कमीत कमी किती माल त्यांना पकडता येतो ते, विचारा, ते ढोबळ असेल तर सगळीकडे 'सापडलं नाही' असाच रिपोर्ट येईल आणि पैसे गेले ते गेलेच.