वाचकांचे प्रश्न : यजमानपद, वय आणि एक गोल

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरात एका तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा पात्रता फेरी न खेळताच आपल्याला प्रवेश कसा मिळाला आणि तिन्ही सामने हरून आपण काय मिळवले, असे तो मला विचारतो. त्याला काय सांगावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. फिफाच्या या स्पर्धेत यजमान देशाच्या संघाला थेट प्रवेश असतो आणि भारताला यजमानपद डिसेंबर २०१३ मध्येच मिळाले होते. त्यामुळे ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत अमेरिकेविरुद्ध उतरलेला आपला संघ फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात प्रत्यक्ष खेळलेला पहिला भारतीय संघ ठरला. १९५० साली वरिष्ठ संघाला ब्राझीलला जाण्याची संधी होती; परंतु तेव्हा आपण माघार घेतली होती.

दुसरा भाग अधिक अवघड आहे. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असे आपले निकाल होते. या तिन्ही आकड्यांपैकी आपल्या मुलाशी बोलताना मधल्या आकड्यापाशी थांबावे, असे मला वाटते. कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर मणिपूरच्या जॅक्सन सिंगने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि विश्वचषकातील भारताचा पहिला गोल नोंदवला गेला. मैदान जल्लोषात बुडालेले असतानाच, जेमतेम मिनिटभरात, कोलंबियाच्या पेन्यालोझाने आपला दुसरा गोल केला. आपली मुले गोल करण्यास सक्षम होती. गोल केल्यानंतरचे ते एक मिनिट सांभाळण्याची सवय मात्र त्यांना नव्हती, आणि ती सवय केवळ शिबिरात राहून लागत नाही, तर वर्षानुवर्षे तोडीस तोड संघांशी चुरशीचे सामने खेळूनच लागते. त्यातच स्पर्धेला जेमतेम सात-आठ महिने उरले असताना प्रशिक्षक बदलले गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस यांच्या हाती संघ आला. त्यांनी मिळालेल्या वेळात संघ नीट बांधला. परंतु दोष असलाच तर तो या मुलांचा नव्हता, हे स्पष्ट लिहिले पाहिजे.

यजमानपदाने आपल्याला स्पर्धेतील जागा दिली, तयार संघ दिला नाही. तरीही ती जागा वाया गेली असे म्हणता येणार नाही, कारण त्यानंतर याच गटातील बऱ्याच मुलांना ‘इंडियन अ‍ॅरोज’ या नावाने एकत्र ठेवून आय-लीग या राष्ट्रीय क्लब स्पर्धेत उतरवण्यात आले आणि जॅक्सन, सुरेश वांगजाम, अन्वर अली यांच्यासारखे खेळाडू पुढे वरिष्ठ संघापर्यंत पोहोचले. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, हे आपल्या मुलास ठाऊक असेलच.

प्रेक्षकांचीही नोंद घ्यायला हवी. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगाव आणि नवी मुंबई येथील ५२ सामन्यांना मिळून तेरा लाखांहून अधिक प्रेक्षक आले, आणि १९८५ साली चीनमध्ये झालेला या स्पर्धेचा विक्रम मोडला. कोलकात्यातील अंतिम सामन्यात इंग्लंडने ०-२ अशा पिछाडीवरून स्पेनला ५-२ असे हरवले. भारत साखळी फेरीतच बाद झाला असतानाही लोक मैदानावर येत राहिले, याचे मला स्कोअरपेक्षा अधिक मोल वाटते.

प्रश्न : या स्पर्धेतील काही परदेशी मुले अंगापिंडाने वीस-बावीस वर्षांची वाटली. वय तपासले जाते का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : जाते. २०१७ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलाच खेळाडू पात्र होता. जन्मदाखल्यावर विसंबून चालत नसल्याने फिफाने २००९ पासून मनगटाचा एमआरआय आधाराला घेतला. कोपर ते मनगट या भागातील, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या मनगटाकडील टोकाशी वाढीचा एक पट्टा असतो. तो पूर्णपणे सांधला गेलेला दिसला, तर मुलगा सतराच्या पुढे गेला असण्याची शक्यता फार मोठी असते. एक्स-रे न वापरण्याचे कारण साधे आहे: निरोगी मुलाला केवळ वय ठरवण्यासाठी किरणोत्साराला सामोरे नेणे योग्य नव्हे. चाचणीने नेमकी जन्मतारीख कळत नाही, हेही लक्षात ठेवावे. आणि केवळ धिप्पाड बांध्यावरून कोणा मुलावर संशय घेणे मला रास्त वाटत नाही. त्या वयात मुले फार वेगवेगळ्या गतीने वाढतात.

प्रश्न : २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक हातचा जाण्याची वेळ का आली होती?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा कारभार प्रशासक समितीकडे दिला. बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देत फिफाने ऑगस्टच्या मध्यास महासंघाला निलंबित केले आणि स्पर्धा ठरल्याप्रमाणे भारतात घेता येणार नाही, असे जाहीर केले. न्यायालयाने समितीचे अधिकार संपुष्टात आणल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठले. स्पर्धा ११ ऑक्टोबरला सुरू व्हायची होती, म्हणजे हाती दीड महिना होता. करोनामुळे आधीच दोन वर्षे लांबलेली ही स्पर्धा कारभाऱ्यांच्या भांडणामुळे मुलींच्या हातून निसटली असती, तर ते अक्षम्य ठरले असते. भुवनेश्वरमध्ये भारतीय मुली अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील या तिघींशीही हरल्या, तेही एकही गोल न करता. नवी मुंबईतील अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १-० असे नमवले. उपांत्य फेरीचे दोन्ही सामने मात्र आपल्या मडगावातील फातोर्ड्याच्या मैदानावरच झाले होते.