छोटं जेट घे, पण कमांड एक हिवाळा उशिरा

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुंबईत चार्टरवर (भाड्याच्या खासगी विमानांवर) कोपायलट, 1,900 तास, पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंद झाली आहे, पोर्तुगीज पासपोर्ट येण्याच्या बेतात. युरोपातल्या दोन प्रायव्हेट जेट कंपन्यांशी बोलणी चालली आहेत. एक फेनॉम 300 हे छोटं जेट देते आणि दीड-दोन वर्षांत कॅप्टन करते म्हणते. दुसरी ग्लोबल 6000 या मोठ्या, लांब पल्ल्याच्या जेटवर घेते, पगार जास्त, पण तिथली मुलंच सांगतात की कमांडला, म्हणजे कॅप्टन व्हायला, सहा-सात वर्षं लागतात. तू डिचोलीचा, मी साखळीचा, दोघेही गोव्याचे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. मला इथे युरोपात अकरावं वर्ष आहे.

फेनॉम घे. ग्लोबल सुटतंय म्हणून जीव खालीवर होईल, होऊ दे.

आधी तासांचं गणित बघ. एअरलाइनवाला वर्षाला सात-आठशे तास सहज करतो. आमच्याकडे मला चारशेच्या आसपास मिळतात, कारण अर्धा वेळ विमान उभं आणि आपण हॉटेलात. तुला कमांडसाठी 2,500 तास लागतात म्हणालास, म्हणजे सहाशे कमी. चारशेने भागलं की दीड वर्ष. कंपनीचं 'दीड वर्ष' बहुधा इथूनच आलंय. त्यात कॅप्टनची जागा रिकामी असणं धरलेलं नाही. विचारायचं ते हेच: गेल्या दोन वर्षांत या ताफ्यावर किती जण उजव्या, कोपायलटच्या सीटवरून डावीकडे कॅप्टनच्या सीटवर गेले, आणि त्यांना रुजू होऊन किती महिने झाले होते? गुळमुळीत उत्तर आलं तर काय समजायचं ते समज.

ग्लोबलची रेंज साधारण 6,000 नॉटिकल मैल, फेनॉमची 2,000 च्या आसपास. यात सगळं आलं. ग्लोबलवर एका उड्डाणात नऊ-दहा तास लॉगबुकात पडतात, पण लँडिंग एकच, आणि तेही कॅप्टन आणि तुझ्यात वाटून. नव्वद दिवसांत तीन टेक-ऑफ, तीन लँडिंग हा नियम सांभाळायला आमचा एक ग्लोबलवाला मित्र सिम्युलेटरला जातो. फेनॉमवर एका दिवसात चार सेक्टर (उड्डाणं) होतात: सकाळी जिनिव्हा, दुपारी नीस, संध्याकाळी कुठल्या तरी बाराशे मीटरच्या पट्टीवर. पुढे नोकरी बदलताना पहिला प्रश्न जेटवर कमांडचे तास किती हा असतो, आणि ते उजव्या सीटवर बसून मिळत नाहीत. (मोठ्या एअरलाइन विमानाचं वजनही बघतात, फेनॉम तिथे हलकं पडतं. ते खरं आहे, पण तो पुढचा प्रश्न.)

एक सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्या महिन्यात रडशील. फेनॉमवर केबिन क्रू नसतो. बॅगा तू चढवायच्या, कॉफी तू द्यायची, टॉयलेट तू रिकामं करायचं. पहिल्या हिवाळ्यात साहेबांच्या कुत्र्याचे केस सीटवरून चिकटपट्टीने काढताना मला आईचा फोन आला होता. "काय करतोस रे?" "विमान झाडतोय." ती अर्धा मिनिट गप्प होती.

आता वेळेचं. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. कमांडसाठी माझा नंबर दुसऱ्याच वर्षी लागला. तास भरले होते, सिम्युलेटरची परीक्षा उत्तम झाली होती, घरी पेढे वाटून झाले होते. पण मी आल्प्समध्ये एकही पूर्ण हिवाळा काढला नव्हता. गोव्यातल्या दाबोळी विमानतळाजवळ वाढलेल्या माणसाला समुद्रसपाटी आणि लांबलचक धावपट्टी अंगवळणी पडलेली असते. स्वित्झर्लंडमधलं सामेदान विमानतळ 5,600 फुटांवर, चहूकडे डोंगर. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला दक्षिणेकडून फॉन, म्हणजे डोंगरावरून खाली घसरणारा वारा, सुटला की दरीत विमान हाताबाहेर जाईल असं वाटतं. माझ्या लाइन ट्रेनिंगमध्ये, म्हणजे खऱ्या पाहुण्यांसह कॅप्टनच्या प्रशिक्षणात, तोच वारा होता. मागे पाहुणे म्हणत होते, हॉटेल बुक आहे, उतरायलाच हवं. मी दुसऱ्या विमानतळाकडे वळवलं (डायव्हर्ट केलं), पण दहा मिनिटं उशिरा, दोनदा घिरट्या घालून, इंधन खाऊन. ट्रेनिंग कॅप्टन खाली उतरल्यावर एवढंच म्हणाला, "निर्णय बरोबर होता, पण तो तू घेतला नाहीस, इंधनाने घेतला." मी परत उजवीकडे गेलो, पुढच्या प्रयत्नाला चौदा महिने लागले, आणि नव्या ट्रेनिंगच्या नावाखाली कंपनीने बाँडही वाढवला (ठराविक वर्षं नोकरी सोडली तर ट्रेनिंगचा खर्च परत करण्याची अट).

म्हणून नंबर लागला तरी, एक अख्खा हिवाळा उजवीकडे झालेला नसेल तर 'पुढच्या बॅचला घ्या' म्हण. ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवर असेल तर यात फारसं नुकसान नाही. कमांडच्या तारखेवर असेल तर मागचे पुढे जातील, तेव्हा हे करारात आधी तपास.

ज्येष्ठतेचा आणखी एक काटा कुणी सांगत नाही. कोपायलटांच्या यादीत वर गेलास की सुट्ट्या मनासारख्या मिळतात. कॅप्टन झालास की कॅप्टनांच्या यादीच्या तळाला. आमचा हंगाम जुलै ते सप्टेंबर, सगळं भूमध्य समुद्राकडे, आणि चवथ (गणेश चतुर्थी) बहुतेक वेळा त्यातच. कॅप्टन झाल्यापासून तीन वर्षं गणपतीवरची फळापानांची माटोळी मी व्हिडिओवर पाहिली. त्यापेक्षा शिगम्याला सुट्टी मागून बघ, मिळण्याची शक्यता जास्त.

कागदांचं थोडक्यात. डीजीसीएचं (भारताच्या विमान नियामकाचं) लायसन्स इथे तसंच चालत नाही. एटीपीएलचे (एअरलाइन पायलटच्या लायसन्सचे) तेरा पेपर, प्रत्येकी 75 टक्के, 18 महिन्यांच्या आत, एका पेपरला चार संधी. क्लास वन मेडिकल पहिल्यांदा इथल्या एअरोमेडिकल सेंटरलाच होतं. ही दोन्ही कामं उरकल्याशिवाय मुंबईतला राजीनामा देऊ नकोस. स्विंडनला मामा आहे म्हणून इंग्लंडचा विचार करत असशील तर तो सोड. 2021 पासून पोर्तुगीज पासपोर्टवर व्हिसाशिवाय तिथे नव्याने जाऊन काम करता येत नाही, आणि त्यांचं लायसन्सही वेगळं. पासपोर्ट घेतलास की भारतीय नागरिकत्व जातं. मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढशील, पण ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र येते. तुझ्या घरी कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, तर वडिलांशी हे आधीच बोल.

टाइप रेटिंगचा (त्या एका प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणाचा) बाँड मात्र ओळ न् ओळ वाच. किती वर्षांचा, दर महिन्याला कमी होत जातो की शेवटपर्यंत तेवढाच राहतो, आणि कमांडच्या वेळी नवा लागतो का. मी नोव्हेंबरात साखळीला येतोय. कराराची प्रत घेऊन ये, सही त्याआधी करू नकोस.