गावच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त आलंय, काय करायचं?

गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर दोघातिघांचा एकच प्रश्न आला, नळयोजनेच्या विहिरीचा रिपोर्ट आलाय, नायट्रेट लिटरला 80 मिलिग्रॅम, आजूबाजूला सगळा ऊस, आता पाणी उकळून प्यायलं तर चालेल का आणि युरिया बंदच करायचा का.

पहिलं सांगतो, उकळू नका. उकळल्यावर पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर), तुरटी, कँडलचा फिल्टर यानेही जात नाही. आरओने बऱ्यापैकी कमी होतं, पण आरओचं वाया जाणारं पाणी परत विहिरीकडे सोडू नका राव, त्यात तर जास्तच असतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. सगळ्यात जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, त्यामुळे पावडरचं दूध या पाण्यात अजिबात कालवू नका, आईचं दूध चालतं. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसली तर घरी काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

ग्रामपंचायतीला दुसऱ्या विहिरीचं पाणी मिसळता येतं, पण हिशोब करून. दुसरीचं 20 असेल आणि निम्मं निम्मं केलं तरी 50 येतं, म्हणजे नापासच. आपल्या एका भागाला दुसरीचे दोन भाग घेतले की 40 वर येतं.

आता युरियाचं. बंद करा असं मी म्हणणार नाही, पण 45 किलोच्या पोत्यात जवळपास 21 किलो नत्र असतं, त्यातलं पाव जरी नायट्रेट होऊन खाली झिरपलं तरी 5 लाख लिटर स्वच्छ पाणी 45 वर जातं! नायट्रेटला माती धरून ठेवत नाही, पाटाने भरपूर पाणी सोडलं की ते मुळांच्या खाली निघून जातं. सुरू उसाला (डिसेंबर-फेब्रुवारीत लावलेल्या) हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी 100, सगळं युरियातून दिलं तरी पाच पोत्यांच्या आत बसतं, आणि डीएपी किंवा 10:26:26 अशी नत्र असलेली दुसरी खतं टाकत असाल तर त्यातलं नत्र यातून वजा करायचं, हे कोणी करत नाही. वर आठ-दहा पोती टाकणारे आहेतच, ऊस काळाभोर दिसतो म्हणून. लागणीला 10 टक्के, दीड-दोन महिन्यांनी 40, तीन-चार महिन्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला (उसाला मातीची भर देताना) 40 असं द्या, ड्रिप असेल तर अजून छोटे हप्ते करा, आणि खत दिल्यावर लगेच रान तुंबवू नका.

आणि ज्यांच्या शेतातल्या विहिरीलाही 80 च्या आसपास आहे त्यांनी तेच पाणी पिकाला वापरावं, एका पाळीत एकरी 2 लाख लिटर गेलं तर साधारण 8 किलो युरियाएवढं नत्र फुकट मिळतं, तेवढा युरिया कमी टाका.

एकाने फोटो पाठवलाय त्यात कठड्यापासून दहा-बारा पावलांवर उकिरडा आणि शेजारी गोठ्याचं मूत साचलेलं दिसतंय. अहो, सगळा दोष युरियाला कसा द्यायचा? आधी तो उकिरडा उताराच्या खालच्या बाजूला लांब हलवा, विहिरीजवळ संडासाचा शोषखड्डा आहे का तेही बघा.

पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासा, आकडा बदलतो. नमुना घेताना मोटर पाच मिनिटं चालू ठेवून मग स्वच्छ बाटलीत भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला द्या. रिपोर्टसोबत मातीपरीक्षणाचा कागदही पाठवा, मग तुमच्या रानापुरता डोस काढून देतो.