जर्मनीतली सहकारी, 18 महिन्यांची मुदत आणि ‘फ्रीलान्सर करा’ हा सल्ला

प्रश्न : बाणेरला माझी सॉफ्टवेअर कंपनी आहे, 46 माणसं कामाला आहेत. आमची एक वरिष्ठ डेव्हलपर सात वर्षं आमच्याकडे होती. नवऱ्याला स्टुटगार्टमध्ये नोकरी लागल्यामुळे तिने राजीनामा दिला. पण आम्हाला ती हवी होती आणि तिलाही काम सोडायचं नव्हतं. जर्मनीत आमची कंपनी नाही, म्हणून एका ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’, म्हणजे ईओआर कंपनीमार्फत तिला तिथे नेमलं. कागदोपत्री ती त्यांची कर्मचारी, काम सगळं आमचं. आता 16 महिने झाले आणि ईओआर म्हणते, 18 महिन्यांपुढे हे चालणार नाही. तिला फ्रीलान्सर करा आणि दरमहा बिल घ्या. दुसरी एक ईओआर म्हणते, आमच्याकडे या, मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू. काय करू?

उत्तर : दोन्ही सल्ले नाकारा. तिला तुमच्या पुण्याच्या कंपनीनेच थेट नोकरीवर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी जर्मनीत कंपनी काढावी लागत नाही. दोन महिने हाताशी आहेत. तेवढे पुरतात, पण काम या आठवड्यात सुरू केलं तर.

आधी ही 18 महिन्यांची भानगड समजून घ्या. आपला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली कामाला देणं, याला जर्मनीत स्वतंत्र कायदा आहे. त्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि एकच माणूस एकाच ग्राहकाकडे सलग 18 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. एखाद्या क्षेत्रातल्या कामगार संघटना आणि मालक यांच्या सामूहिक करारात वेगळी मुदत असू शकते. तुमच्या बाबतीत ते लागू होईल असं दिसत नाही. ‘आम्ही माणसं पुरवत नाही, फक्त पगार सांभाळतो’ असं काही ईओआर म्हणतात. पण रोजचं काम कोण सांगतं, सुट्टी कोण मंजूर करतं, टीममध्ये ती कोणाच्या बैठकीला बसते, हे पाहिलं जातं. तुमच्या बाबतीत या सगळ्याचं उत्तर ‘आम्ही’ हेच आहे.

आता दुसऱ्या ईओआरचा प्रस्ताव. मुदत मोजताना आधीच्या पुरवठादाराकडचा काळही धरायचा, असं त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. दोन नेमणुकांमध्ये तीन महिन्यांहून जास्त खंड पडला तरच मोजणी नव्याने सुरू होते. म्हणजे ईओआर बदलून तुमच्या हाती काहीच लागत नाही. मधे तीन महिन्यांहून जास्त काळ तिला बिनपगारी घरी बसवणं कायद्यात बसेलही, पण सात वर्षं तुमच्यासाठी राबलेल्या माणसाला तसं सुचवू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि 18 महिने उलटूनही तसंच चालू ठेवलं तर? ईओआरशी असलेला तिचा करार अवैध ठरतो आणि ती कायद्याने आपोआप तुमची कर्मचारी मानली जाते. ईओआरकडेच राहायचं असेल तर तसं लेखी कळवायला तिला महिनाभराची मुदत असते. पुरवठादाराला 30,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणूनच तुमची ईओआर आता घाई करते आहे.

फ्रीलान्सरचा सल्ला मात्र मला फार धोक्याचा वाटतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. तिचं काम तेच, वेळ तीच, ग्राहक एकच, वरिष्ठही तेच. फक्त पगाराच्या चिठ्ठीऐवजी बिल. जर्मनीत याला खोटा स्वयंरोजगार म्हणतात आणि तिथली पेन्शन विमा संस्था तो शोधून काढण्यात तरबेज आहे. सापडला की सामाजिक विम्याची थकबाकी मालकाकडून वसूल होते. साधारणपणे चार वर्षांमागची, आणि जाणूनबुजून टाळल्याचं दिसलं तर 30 वर्षांपर्यंतची. त्यात कर्मचाऱ्याचा हिस्साही मालकालाच भरावा लागतो. तिच्या पगारातून तो फक्त पुढच्या तीन पगारांपर्यंतच कापून घेता येतो. हेतुपुरस्सर हप्ते न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे. आणि तुम्हाला तर 18 महिन्यांची अडचण टाळायची होती हे ईओआरच्या ईमेलमध्येच लिहिलेलं आहे. तिच्या बाजूने पाहिलं तर आजारपणातले सहा आठवड्यांचे पूर्ण पगार, भरपगारी रजा, बाळंतपणातलं संरक्षण, बेरोजगारी विमा, सगळंच जातं. तिने हौसेने होकार दिला तरी हा मार्ग घेऊ नका.

थेट नोकरीवर घेताना तुमच्या कंपनीला जर्मनीच्या रोजगार संस्थेकडून मालक-क्रमांक घ्यावा लागेल, तिच्या आरोग्य विमा संस्थेकडे मालक म्हणून नोंद करावी लागेल आणि अपघात विम्याचंही बघावं लागेल. परदेशी मालकाला पगाराची कागदपत्रं सांभाळणारा एक अधिकृत प्रतिनिधी जर्मनीत नेमावा लागतो. हे सगळं तिथला पगार हिशेबनीस करून देतो. असा एक चांगला माणूस शोधणं हे तुमचं पहिलं काम. मालकाचा सामाजिक विम्याचा हिस्सा पगाराच्या पाचव्या भागाहून थोडा जास्त होतो. तो आजही ईओआरच्या बिलात तुम्हीच भरता आहात, वर त्यांचं शुल्क.

जर्मनीत तुमचं ‘कायमस्वरूपी ठिकाण’, म्हणजे कराच्या दृष्टीने कंपनीचं तिथलं कामाचं ठाणं, नसेल तर पगारातून जर्मन प्राप्तिकर कापण्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. तो तिला स्वतः तिमाही आगाऊ हप्त्यांनी भरावा लागतो : मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या 10 तारखेला. हे तिला करार करण्याआधी सांगा, कारण आजवर कर कापून हातात पगार पडत आला आहे आणि सगळे पैसे खर्चाचेच आहेत असं वाटू शकतं. पगार तिच्या जर्मनीतल्याच खात्यात पाठवा. ‘आईवडिलांना सोयीचं पडतं’ म्हणून पुण्याच्या खात्यात टाकला, तर तो भारतात मिळालेलं उत्पन्न ठरून इथे कराचा प्रश्न निर्माण होतो.

कायमस्वरूपी ठिकाण होऊ नये याची काळजीही घ्या. घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचं घर केवळ तेवढ्याने कंपनीचं ठिकाण होत नाही, अशीच जर्मन अर्थमंत्रालयाची 2024 पासूनची भूमिका आहे. पण ती ग्राहकांशी करार करू लागली किंवा कायम तिनेच ठरवलेल्या अटींवर तुम्ही नुसती सही करू लागलात, तर भारत-जर्मनी कर करारानुसार तुमच्या नफ्यावर तिथे कर मागितला जाऊ शकतो. तिला ‘जर्मनी प्रमुख’ असलं पद देऊ नका, वेबसाइटवर स्टुटगार्टचा पत्ता टाकू नका.

करारात ‘भारतीय कायदा लागू’ असं लिहिलंत तरी ती जिथे काम करते तिथलं कामगार संरक्षण तिला मिळणारच. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा. नोकरीवरून काढायचं तर शाईच्या सहीचं पत्र हवं. ईमेलने किंवा डिजिटल सहीने काढलेलं चालत नाही. चाचणी काळानंतर किमान चार आठवड्यांची नोटीस, नोकरीची वर्षं वाढतील तशी जास्त. काढण्यासाठी कारण द्यावं लागण्याचा कडक नियम जर्मनीतल्या दहाहून जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला लागतो. पुण्याचे 46 त्यात धरत नाहीत.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती तिने लिहिलेल्या कोडची. कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या सॉफ्टवेअरचे आर्थिक हक्क जर्मन कायद्याने मालकाला मिळतात. गेल्या 16 महिन्यांत मालक होती ईओआर. ईओआरकडून ते हक्क तुमच्याकडे आले आहेत का, हे फक्त तुमच्या त्यांच्याशी झालेल्या करारावर अवलंबून आहे. तुम्ही मात्र तुमच्या ग्राहकांना ‘कोड पूर्णपणे आमच्या मालकीचा’ असं लिहून दिलेलं असणार. करार उघडा आणि ते कलम वाचा. जर्मनीत लेखकाचा मूळ हक्क विकता येत नाही, वापराचा अनन्य हक्कच देता येतो. त्यामुळे नुसतं ‘मालकी हस्तांतरित’ असं लिहिलेलं असेल तर जर्मन वकिलाकडून दुरुस्तीचं पत्र करून घ्या. ईओआरशी संबंध चांगले आहेत तोवरच त्यांची सही मिळेल. शेवटचं बिल भरून झाल्यावर कोणी फोन उचलत नाही.

त्याच करारात ‘आमचा कर्मचारी थेट नेमायचा नाही’ अशी अट असली तर घाबरू नका. जर्मन कायद्यात अशी बंदी चालत नाही. वाजवी नेमणूक शुल्क मात्र मागता येतं. करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे हे मात्र बघा, कारण बऱ्याच ईओआरचे ग्राहक-करार तिसऱ्याच देशात झालेले असतात.

तिला आजच सगळं सांगा. ईओआर तिच्यापुढे परस्पर संमतीने नोकरी सोडण्याचा कागद ठेवण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्याकडचा नवा करार दोघांच्या सह्यांनिशी हातात येईपर्यंत तिने त्यावर सही करू नये. मधेच काही फिस्कटलं तर अशा सहीमुळे बेरोजगारी भत्ता 12 आठवडे अडकू शकतो. तिचा राहण्याचा परवाना नवऱ्यामुळे मिळालेला असेल तर तो ईओआरच्या नोकरीला बांधलेला नसतो, तरी त्यावरची नोंद तिला वाचून दाखवायला सांगा. काहीजण तुम्हाला भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार दाखवून ‘पीएफ चालू ठेवा, जर्मन विमा नको’ म्हणतील. ती सवलत मालकाने ठरावीक काळासाठी पाठवलेल्या माणसाला आहे. ही स्वतःच्या कारणाने तिथे गेली आणि तिथेच नेमली गेली. तिला जर्मन विमाच लागू.

आणखी एक. पुण्यात सात वर्षं पूर्ण करून तिने राजीनामा दिला, तेव्हा तिला ग्रॅच्युइटी दिलीत का? ‘काम चालूच राहणार आहे’ म्हणून ती राहून गेल्याची प्रकरणं माझ्याकडे येतात. दिली नसेल तर व्याजासकट देऊन टाका, नवा करार सहीला पाठवण्याआधी.