दोन नोबेलं मिळालेल्या माणसाचं ऐकायचं नाही तर कोणाचं?

प्रश्न : आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. सासऱ्यांना व्हॉट्सअॅपवर मेसेज आला की दोनदा नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने सांगितलंय, व्हिटॅमिन सी भरपूर घ्या, सर्दीच काय कॅन्सरही होणार नाही. तेव्हापासून रोज मूठभर गोळ्या चालू आहेत. बीएस्सीवाली मुलगी म्हणते, मोठे शास्त्रज्ञ पण काहीही बोलतात. मग विश्वास ठेवायचा तरी कोणावर? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तो मेसेज लायनस पॉलिंगबद्दल आहे आणि नोबेलं खरी आहेत, १९५४ चं केमिस्ट्रीचं आणि १९६२ चं शांततेचं, पण व्हिटॅमिन सीसाठी एकही नाही, आणि नेमकं तेच मेसेजमध्ये नसतं. सर्दीवरचं त्यांचं पुस्तक १९७० चं, मग कॅन्सरचा दावा आला, म्हणून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने चाचणी घेतली, काही पेशंटना रोज १० ग्रॅम व्हिटॅमिन आणि काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, १९७९ ला रिझल्ट आला, फायदा शून्य. पॉलिंग म्हणाले, या पेशंटनी आधी केमो घेतली होती म्हणून असं झालं. ठीक आहे, केमो न घेतलेल्या पेशंटवर परत चाचणी झाली, १९८५ ला परत तेच, तरी त्यांनी मानलं नाही. दान शेख्टमन यांच्या क्वासिक्रिस्टलच्या (अणूंची रचना शिस्तीत, पण तोच नमुना परत परत न येणारे स्फटिक) शोधालाही ते १९९४ मध्ये जाईपर्यंत विरोधच करत राहिले आणि शेख्टमनना २०११ ला त्याच शोधासाठी नोबेल मिळालं.

मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण माणूस प्रचंड हुशार होता. पण एकदा सगळं जग नको म्हणत असताना आपण बरोबर निघालो की पुढे प्रत्येक विरोध तसाच वाटायला लागतो, आणि एवढ्या मोठ्या माणसाला थांबवणार कोण?

त्यात विचारसरणी घुसली तर अजून वाईट. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं नोबेल मिळालेले शॉकली पुढे वंश आणि बुद्धीवर नको ते बोलत राहिले, आणि रशियात आनुवंशिकताशास्त्रच नाकारणाऱ्या लिसेंकोच्या मागे स्टॅलिन उभा होता म्हणून वाव्हिलोव्हसारखा पिकांवर काम करणारा अस्सल शास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मेला.

पण मुलीला सांगा, सगळेच तसे नसतात. फ्रान्सिस अर्नोल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंना २०१८ ला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, पुढच्याच वर्षीच्या त्यांच्या एका रिसर्च पेपरमधले प्रयोग परत केले तर तेच रिझल्ट येईनात, तेव्हा २०२० च्या जानेवारीत त्यांनी स्वतः जाहीर करून पेपर मागे घेतला, माफी मागितली. अशा माणसावर माझा जास्त विश्वास बसतो, बक्षीस असो नसो.

आता सासऱ्यांचं. मोठ्या माणसासाठी दिवसाला २ ग्रॅम ही वरची मर्यादा धरतात, त्यापुढे जुलाब होतात, किडनी स्टोनचा धोका वाढतो. त्यामुळे रोज किती गोळ्या जातात ते मोजा, पाकीट घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जा आणि आधी कधी स्टोन झाला असेल तर ते पहिलं सांगा. घरात वाद नको, मेयोच्या दोन्ही चाचण्यांची गोष्ट नातीलाच आजोबांना नीट सांगू दे, त्यांच्याशी बोलणं सोडून देऊ नका म्हणावं.